सिएटलचा वखारवाला: हेन्री येस्लर

पाऊसपाणी | रविवार, रात्री ९:४०

गेल्या उन्हाळ्यात आई इथे सिएटलला आली होती. तिला पायोनिअर स्क्वेअर दाखवायला नेलं, तर स्मिथ टॉवरकडे मान वर करून बघायचं सोडून ती फुटपाथवरच थांबली. म्हणाली, "अरे, हे रस्ते इथे मोडल्यासारखे का दिसतात?" अकरा वर्षं मी त्याच चौकातून ऑफिसला जातोय. माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. दक्षिणेकडून रस्ते नाकासमोर येतात, येस्लर वे ओलांडला की सगळे डावीकडे कलतात. कापड कापताना कात्री घसरावी तसे.

त्या रात्री शोधायला बसलो आणि मग सहा महिने हाच नाद लागला.

त्या तिरकेपणाचं कारण असं. १८५२ साली इथे जेमतेम काही कुटुंबं होती. नोव्हेंबर १८५१ मध्ये डेनी मंडळी (इथे वसायला आलेले गोरे) खाडीपलीकडच्या अल्कायच्या वाळूवर उतरली, पण थंडीच्या वाऱ्यात तिथे टिकाव लागेना, म्हणून पुढच्या वर्षी खाडीच्या या बाजूला आली. उत्तरेची जमीन आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन यांनी घेतली, दक्षिणेची डॉक्टर मेनार्डने. १८५३ मध्ये नकाशे काढायची वेळ आली तेव्हा डेनी-बोरेननी किनाऱ्याला समांतर रस्ते आखले आणि मेनार्डने होकायंत्र धरून. तुझं खरं की माझं खरं. मेनार्ड त्या दिवशी प्यायलेला होता असं डेनीचं म्हणणं. मिटलं काहीच नाही. दोघांच्या मध्ये आज जो रस्ता आहे तो येस्लर वे. त्याचं जुनं नाव मिल स्ट्रीट, म्हणजे गिरणीचा रस्ता.

गिरणी येस्लरची. हेन्री येस्लरचा जन्म १८१० चा, मेरीलँडमधल्या लायटर्सबर्गचा. पेशाने सुतार. बरीच वर्षं ओहायोतल्या मॅसिलन गावात काढली, तिथेच १८३९ मध्ये सारा बर्गर्टशी लग्न झालं. ऑक्टोबर १८५२ मध्ये तो इथे आला तेव्हा वय एक्केचाळीस. खिशात स्वतःचे पैसे फारसे नव्हते. मॅसिलनच्या जॉन मॅक्लेन नावाच्या धनिकाने पैसा लावला होता आणि येस्लर वाफेवर चालणाऱ्या करवतीसाठी जागा शोधत फिरत होता. प्यूजेट साउंडवर, म्हणजे इथल्या समुद्राच्या मोठ्या खाडीवर, अशी करवत तेव्हा एकही नव्हती.

आता गंमत बघा. ज्यांनी आधीच दावे ठोकले होते त्या बोरेन आणि मेनार्डनी आपापल्या हद्दी सरकवल्या आणि समुद्रापासून टेकडीवर जाणारी एक चिंचोळी पट्टी याला मोकळी करून दिली. बांधावरून डोकी फुटलेली आपण बघितलेली माणसं! फुकटात जमीन कोण देतं? पण त्यांचा हिशेब साधा होता. सॅन फ्रान्सिस्को तेव्हा सोन्यापायी फुगत होतं आणि दर काही महिन्यांनी जळत होतं. लाकूड कितीही द्या, कमीच. गिरणी अल्कायला गेली असती तर गाव तिकडे गेलं असतं. गिरणी इथे, म्हणजे गाव इथे.

मार्च १८५३ च्या अखेरीला करवत सुरू झाली. टेकडीवर डग्लस फर तोडायचे, फांद्या छाटायच्या, रस्त्यात आडवी टाकलेली, तेल लावलेली लाकडं असायची त्यांच्यावरून बैलजोड्यांनी ओंडके घसरत खाली आणायचे. गिरणीशेजारी ओंडक्यांचीच बांधलेली एक भटारखाना-खोली होती. मजुरांचं जेवण तिथे. आणि बाकीचं सगळंही तिथेच: कोर्ट तिथे, प्रार्थना तिथे, निवडणूक तिथे, कोणाला डांबायचं तर तेही तिथे. गावात दुसरी मोठी खोलीच नव्हती. काउंटी स्थापन झाली तेव्हा तिचं दप्तर सांभाळायला पहिला माणूस नेमला तोही येस्लर. पुढे दोनदा नगराध्यक्ष झाला, १८७४ आणि १८८५ मध्ये.

मला पडलेला प्रश्न हा, की याला गावाचा पुढारी म्हणायचं, का ज्याच्या वखारीत गाव वसलं असा माणूस म्हणायचं? जाणकारांनी भर घालावी.

----

टपरीवरचा | रविवार, रात्री १०:०५

मस्त लिहिलंय. फोटो टाका की राव.

----

वखारीत_वाढलेली | सोमवार, सकाळी ७:१५

लेख वाचून लाकडाचा वासच आला एकदम. मी बल्लारपूरची. बाबांची लाकडाची वखार, शेजारी आरा मशीन कच्छी पटेल काकांचं. आमच्याकडे शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि भुशाच्या ढिगावर उडी. सागाचा भुसा अंगाला लागला की खाज सुटते, आई रोज ओरडायची.

पाऊसपाणी, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापरीने उत्तर. वखारवाला पुढारी होतो कारण गावातल्या प्रत्येकाला आयुष्यात दोनदा तरी त्याच्याकडे जावं लागतं. घर बांधताना आणि घरात कोणी गेलं तर. लग्नाच्या मांडवाची बल्ली-बांबूही तिथूनच. उधारी कोणाची किती हे त्यालाच माहीत. माझे बाबा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण उभे राहणारे सगळे आमच्या ओट्यावर चहा पिऊन जायचे. पटेल काकांच्या मशीनवर दुपारी दोन तास ब्लेडला धार लावायला बंद असायचं, तेव्हा सगळं गाव तिथेच टेकलेलं. पंचायतच ती.

आणि हो, आमच्याकडे ओंडका काही असाच फाटकातून आत येत नाही. डेपोत लिलावात घ्यायचा, टोकावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, रंगाने नंबर, सोबत वाहतूक पास. बाबा ट्रक आला की आधी शिक्के बघायचे, मग लाकूड.

एक विचारायचं होतं. वाफेची करवत म्हणजे भुसा डोंगराएवढा निघत असणार. त्याचं काय करायचे?

----

पाऊसपाणी | सोमवार, रात्री ८:३०

ताई, काय नेमकं विचारलंत! भुसा हीच या गावाची जमीन आहे, अगदी शब्दशः.

आजचा पायोनिअर स्क्वेअर तेव्हा अर्धा दलदल होता. भरती आली की पाणी आत. येस्लरच्या गिरणीतला भुसा, सालींचे तुकडे, छाटन सगळं त्या दलदलीत ढकलत गेले आणि किनारा हळूहळू पुढे सरकला. त्यावर धक्का उभा राहिला, त्यावर गुदामं. बॉइलरलाही लाकडाचाच जळता माल, त्यामुळे कोळशाचा खर्च नाही.

पाण्याची सोयही त्याचीच. टेकडीच्या झऱ्यांवरून उभ्या खांबांवर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या लाकडी पन्हळी टाकून १८५४ मध्ये त्याने पाणी गिरणीपर्यंत आणलं. बॉइलरला हवं होतं म्हणून. जाता जाता गावालाही मिळालं. हे "जाता जाता" मला त्याच्या सगळ्याच कामात दिसतं. १८५६ च्या जानेवारीत इथल्या मूळ लोकांनी गावावर हल्ला केला तेव्हा लोक ज्या लाकडी गढीत शिरले तिची फळीही याच गिरणीतली. ती खरं तर सॅन फ्रान्सिस्कोला जायची होती.

आणखी एक, जे मला आधी कळलं नव्हतं. लाकडाचा व्यापारी म्हणून येस्लर फार मोठा कधी झालाच नाही. १८५३ च्याच सप्टेंबरात पलीकडे पोर्ट गॅम्बलला पोप आणि टॅलबट कंपनीची गिरणी सुरू झाली. त्यांची स्वतःची जहाजं, सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची विक्री. त्यांच्यापुढे येस्लरची गिरणी म्हणजे वाण्याचं दुकान. ती सारखी बंद पडायची, कित्येकदा त्याने ती दुसऱ्याला चालवायला दिली. मॅक्लेनचं देणं तर वर्षानुवर्षं डोक्यावर. त्याला श्रीमंत केलं ते ओंडक्यांनी नाही. त्या चिंचोळ्या पट्टीने केलं. ज्या जागेतून सगळे ओंडके खाली यायचे ती जागा पुढे शहराचा मधला चौक झाली.

----

शंकेखोर | सोमवार, रात्री ११:१०

लेख चांगला आहे पण आरती ओवाळायच्या आधी थोडं थांबा.

एक. पुढे तुम्ही "स्किड रो हा शब्द इथूनच आला" असं लिहाल, सिएटलला गेलेले सगळे लिहितात. म्हणून आधीच सांगतो. ओंडके घसरवायच्या रस्त्याला स्किड रोड म्हणणं हे त्या भागातल्या सगळ्या लाकूडतोड्यांच्या तोंडी होतं. व्हँकूवरवालेही तो शब्द आपलाच म्हणतात. मिल स्ट्रीटच्या आसपास गुत्ते, स्वस्त खोल्या, बेकार मजूर जमले आणि स्किड रोड म्हणजे गावाचा कंगाल भाग हा अर्थ चिकटला, इतपत ठीक.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीत, फेब्रुवारी १८८६ मध्ये, सिएटलमध्ये चिनी वस्तीवर काय झालं ते लेखात का नाही? साधारण साडेतीनशे माणसं. रविवारी सकाळी जमाव घरोघरी गेला, सामान गाड्यांवर लादलं आणि त्यांना धक्क्यावर नेऊन आगबोटीत कोंबायला निघाला. आधी नोव्हेंबरात शेजारच्या टकोमा गावाने हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला, माणूस मेला, गव्हर्नर स्क्वायरने लष्करी कायदा लावला. नगराध्यक्ष कोण? येस्लर.

तीन. १८८२ ची मेपलची झाडं. तेवढं सांगितलं की मी गप्प बसतो.

----

टपरीवरचा | मंगळवार, सकाळी ८:५०

शंकेखोर गप्प बसणार? स्क्रीनशॉट काढून ठेवतो. 😄

(फोटो टाका हे अजून कोणी ऐकलेलं नाही.)

----

पाऊसपाणी | मंगळवार, रात्री ९:२०

शंकेखोर, मान्य. हे लेखात टाकायला हवं होतं. लिहिताना जड गेलं म्हणून टाळलं, दुसरं कारण नाही.

मेपलचं आधी. जानेवारी १८८२. रेनॉल्ड्स नावाच्या तरुण व्यापाऱ्याला भर रस्त्यात लुटताना गोळी घातली. दोघांना पकडलं. कोर्टात प्राथमिक चौकशी होत होती तेवढ्यात जमावाने त्यांना ओढून बाहेर काढलं आणि जेम्स स्ट्रीटला, येस्लरच्या घरासमोरच्या दोन मेपलच्या मध्ये आडवं लाकूड टाकून लटकवलं. तेवढ्यावर भागलं नाही. तुरुंग फोडून तिसऱ्याला आणलं, ज्याच्यावर एका पोलिसाच्या खुनाचा आळ होता, आणि त्यालाही. गावातले प्रतिष्ठित लोक त्या गर्दीत होते. त्या झाडांना लागलेलं हे पहिलंच फळ, आणि उत्तम फळ, असं काहीतरी येस्लर नंतर बोलल्याचं छापून आलं. बोलला असेल किंवा त्याच्या तोंडी घातलं असेल, पण झाडं त्याच्या दारातली होती, एवढं खरं.

चिनी लोकांबद्दल. १८८६ ला येस्लर पंचाहत्तरीचा. तो जमावात नव्हता, कायदा-सुव्यवस्थेच्या बाजूला होता. पण धक्क्यावर उभे राहिले ते शेरीफ मॅक्ग्रॉ आणि न्यायाधीश टॉमस बर्क. नगराध्यक्षाच्या खुर्चीचं वजन तिथे कुठे पडलेलं मला दिसत नाही. बोटीत जितके मावले तितके त्याच वेळी गेले, उरलेले पुढच्या काही आठवड्यांत. ज्या माणसांनी इथले रेल्वेचे बांध भरले, रस्ते काढले, ती माणसं. बाकी इथे मी थांबतो, कारण मी स्वतः परदेशातून येऊन इथे कमावणारा माणूस आहे आणि हे वाचताना मला त्रयस्थ राहता येत नाही.

----

कुसुंबी | मंगळवार, रात्री १०:४५

तुम्ही सगळे हेन्रीभोवतीच घुटमळताय. सारा कुठे आहे?

लग्नानंतर तो एकटाच पश्चिमेला आला, ती मागे राहिली. १८५८ मध्ये आली इथे. पुढच्याच वर्षी त्यांचा एकुलता मुलगा गेला. त्यानंतर या बाईने जे केलं ते बघा. १८६८ मध्ये सिएटल लायब्ररी असोसिएशन निघाली, तिची पहिली ग्रंथपाल सारा येस्लर. १८७१ मध्ये सुझन अँथनी इथे बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी व्याख्यानं द्यायला आली, तेव्हा चळवळीत सारा पुढे. १८८३ मध्ये वॉशिंग्टन टेरिटरीने (तेव्हा हा प्रदेश अजून राज्य झालेला नव्हता) बायकांना मत दिलं, ज्युरीवरही बसू दिलं, आणि चारच वर्षांत कोर्टाने ते काढून घेतलं. १८८४ ला अनाथ मुलांसाठी बायकांनी संस्था काढली, त्यातही ही.

१८८७ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. मत काढून घेतलं तेही त्याच साली.

मला तर "सिव्हिक" काय ते येस्लरांच्या घरात तीच वाटते. हेन्रीच्या पाण्यासारखं नाही. तिने जे केलं ते गावासाठीच केलं, जाता जाता नाही.

----

शंकेखोर | बुधवार, सकाळी ६:३०

कुसुंबी, +१. आणि तुम्ही "एकटाच पश्चिमेला आला" लिहिलंत म्हणून पुढचंही लिहितो.

एकटा राहिला नव्हता. इथल्या मूळच्या ड्वामिश लोकांचा एक पुढारी होता, गोरे त्याला कर्ली म्हणत. त्याची मुलगी सुझन. तिच्यापासून येस्लरला १८५५ मध्ये मुलगी झाली, ज्युलिया. सारा इथे आली तेव्हा ज्युलिया तीन वर्षांची.

गिरणीत सुरुवातीला बरेचसे मजूर ड्वामिशच. जमीनही त्यांचीच, कारण त्यांच्या जमिनी सरकारला देणारा पॉइंट इलियटचा करार झाला जानेवारी १८५५ मध्ये. करवत दोन वर्षं आधीपासून चालू! म्हणजे ज्या पट्टीसाठी बोरेन आणि मेनार्डने मन मोठं केलं ती त्यांनी द्यायची मुळात नव्हतीच. १८६५ मध्ये गावाला पहिल्यांदा नगरपालिका मिळाली, पाच विश्वस्त नेमले, त्यात येस्लर. आणि त्या मंडळाने पहिल्या काही ठरावांतच इंडियन (म्हणजे इथल्या मूळ) लोकांनी गावात राहायचं नाही असा ठराव केला. अपवाद एवढाच, की गोऱ्या मालकाकडे कामाला असलेल्यांची सोय मालकाने आपल्या जागेवर करावी. स्वतःची मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना हा माणूस त्या खोलीत बसलेला होता.

ड्वामिशांना अमेरिकन सरकारने अजूनही अधिकृत जमात म्हणून मान्यता दिलेली नाही. शहर मात्र त्यांच्या सरदाराच्या नावाचं.

----

वखारीत_वाढलेली | बुधवार, दुपारी १:०५

वाचून गप्प बसले थोडा वेळ. आमच्याकडे जंगल तोडायला माडिया-गोंड आणि लिलावात बोली लावायला बाकीचे सगळे. बाबाही त्यातलेच. इतकंच लिहिते.

----

चिल्लरखुर्दा | बुधवार, रात्री ९:३३

वातावरण जड झालंय, मी लॉटरीचं सांगतो. कोणी कसं नाही लिहिलं अजून?

१८७५-७६. येस्लरवर कर्ज, मंदीचे दिवस. टेरिटरीच्या विधिमंडळाने कॅस्केड पर्वतातून रस्ता काढायला पैसे हवेत म्हणून लॉटरीला परवानगी दिली. आपल्या हेन्रीशेठनी लगेच मोठी सोडत जाहीर केली. तिकीट पाच डॉलर. पहिलं बक्षीस? स्वतःची गिरणी! किंमत त्याने स्वतःच लावली, एक लाख डॉलर. सोडत ४ जुलै १८७६ ला, म्हणजे देशाच्या शंभराव्या वाढदिवसाला.

लोकांनी तिकिटं घेतली. ४ जुलै आला, तारीख पुढे गेली. मग पुन्हा पुढे. मग कोर्टाने सांगितलं हे सगळं बेकायदा. याला नाममात्र दंड झाला. गिरणी कोणाला लागली नाही, रस्ता झाला नाही आणि तिकिटांचे पैसे कोणाच्या खिशात गेले ते तुम्हीच ओळखा.

आमच्या गल्लीत एका भिशीवाल्याने असंच केलं होतं, फरक इतकाच की तो त्यानंतर गल्लीत दिसला नाही. हा नऊ वर्षांनी पुन्हा नगराध्यक्ष!

----

टपरीवरचा | बुधवार, रात्री ९:४१

आत्ता पटलं, हा खरा पुढारी.

----

पाऊसपाणी | गुरुवार, रात्री १०:१५

हाहा, चिल्लरखुर्दा, लॉटरी मी दुसऱ्या भागासाठी राखून ठेवली होती. आता दुसरा भागच राहिला नाही, तर शेवट सांगून टाकतो.

१८८३ पासून त्याने थर्ड आणि जेम्सच्या कोपऱ्यावर चाळीस खोल्यांचा वाडा बांधायला काढला. माणसं दोन, खोल्या चाळीस. सारा त्यात जेमतेम वर्षभर राहिली असेल.

६ जून १८८९. फ्रंट आणि मॅडिसनच्या कोपऱ्यावरच्या सुतारखान्यात सरसाचं भांडं उतू गेलं. खाली टर्पेंटाइन आणि लाकडाचे कपचे. घरं लाकडाची, फुटपाथ लाकडाचे, पाण्याचे नळही पोखरलेल्या ओंडक्यांचे. त्यात ओहोटी, पंपात जोर नाही. पहाटेपर्यंत पंचवीसहून जास्त ब्लॉक गेले, धक्के गेले. खाली भुशाच्या भरावावर उभं असलेलं सगळं. लाकडानेच वसवलेलं गाव लाकडासकट एका दिवसात. वाडा मात्र वाचला.

नंतर नियम केला: या भागात बांधायचं तर विटा आणि दगडात. रस्ते एक-एक मजला उचलले, जुनी दुकानं जमिनीखाली गेली. आज पर्यटक तिकीट काढून ती बघायला खाली उतरतात. फ्रंट आणि कमर्शियल हे दोन रस्ते पूर्वी येस्लरच्या कोपऱ्यापाशी एकमेकांना चुकायचे. ते सरळ जोडायचं ठरलं, म्हणजे येस्लरच्या जागेतून, आणि त्याचा मोबदला आला. कापून उरलेला त्रिकोण तो पायोनिअर प्लेस. अठ्ठ्याहत्तरीच्या या म्हाताऱ्याने त्याला लागूनच, स्वतःच्या जुन्या घराच्या जागेवर, दगडी पायोनिअर बिल्डिंग बांधायला घेतली. एल्मर फिशर नावाच्या वास्तुविशारदाची. १८९२ ला पुरी झाली, अजून उभी आहे. मला वाटतं त्याच्या हातून झालेली सगळ्यात चांगली वस्तू ही, आणि तिच्या दर्शनी भागात लाकूड शोधावं लागतं.

१८९० मध्ये त्याने मिनी गॅगलशी लग्न केलं. नात्यातली, विशीतली. गावाला वर्षभराचा विषय. १६ डिसेंबर १८९२ ला तो गेला. मृत्युपत्र सापडेना, मिनीवर आळ आला, कोर्टकचेऱ्या झाल्या. तो भाग आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात घडला असता तसाच आहे, म्हणून लांबवत नाही.

आणि कुसुंबी, हे तुमच्यासाठी. १८९९ मध्ये सिएटलचं सार्वजनिक वाचनालय भाड्याने जागा शोधत होतं. ते कुठे गेलं सांगा? येस्लरांच्या वाड्यात. सारा जाऊन बारा वर्षं झाली होती. १९०१ च्या नववर्षाच्या रात्री वाडा जळाला, जवळजवळ सगळी पुस्तकं जळाली. वाचली ती लोकांनी घरी नेलेली. मग उद्योगपती कार्नेगीने दोन लाख डॉलर दिले आणि १९०६ ला नवी इमारत उघडली.

----

कुसुंबी | गुरुवार, रात्री १०:३२

घरी नेलेली पुस्तकं वाचली, हे वाचून अंगावर काटा आला. परत करायला उशीर करणाऱ्या सर्व वाचकांना माझा नमस्कार.

----

बेलव्ह्यूची_सून | शुक्रवार, सकाळी ११:२०

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. मी इथे येऊन दोन वर्षं झाली. नवऱ्याच्या ऑफिसमुळे येस्लर हे नाव रोज कानावर, पण माणूस आहे हे माहीतच नव्हतं. येस्लर टेरेसला एका ओळखीच्या इथिओपियन बाईकडे जाते, तिच्याकडून इंजेरा (त्यांची आंबोळी) करायला शिकतेय. तीच म्हणाली होती, की इथे पूर्वी सरकारी घरं होती आणि त्यात गोरे-काळे शेजारी राहायचे. खरं का?

----

पाऊसपाणी | शुक्रवार, रात्री ८:०५

स्वागत! आणि हो, खरं आहे. १९४१ च्या सुमारास सुरू झालेली ती वसाहत. अमेरिकेतली पहिली सरकारी घरं जिथे वंश बघून वेगळ्या रांगा केल्या नाहीत. जेसी एप्स्टाइन नावाच्या तरुण वकिलाने ते रेटून नेलं. (त्यासाठी तिथली बरीच जपानी कुटुंबं उठवली आणि पुढच्याच वर्षी त्यांना युद्धकाळातल्या नजरकैदेच्या छावण्यांत नेलं, शंकेखोर येऊन सांगायच्या आत मीच सांगतो.) आता ती घरं पाडून नवे टॉवर झालेत. म्हणजे येस्लरच्या नावाच्या टेकडीवर त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी असं काही झालं. नावापलीकडे त्याचा संबंध शून्य.

बघायला जाणार असाल तर पायोनिअर स्क्वेअर स्टेशनला उतरा. जेम्स आणि येस्लरच्या बेचक्यात एक तिकोनी पार्किंगची इमारत दिसेल, टोक वर आलेलं, बुडत्या जहाजासारखी. तिथे आधी सुंदर हॉटेल होतं, १९६१ मध्ये पाडलं. त्या टोकाला पाठ करून उभ्या राहा. डावीकडे रस्ते सरळ, उजवीकडे तिरके, मध्ये तुम्ही.

----

शंकेखोर | शुक्रवार, रात्री ८:४०

छावण्यांचं सांगितलंत म्हणून आज माझी सुट्टी.

----

टपरीवरचा | शनिवार, सकाळी १०:००

फोटो??

----

पाऊसपाणी | शनिवार, दुपारी ४:२५

घ्या बाबा. पहिला आजचा चौक. दुसरा जुना, इथल्या वाचनालयाच्या संग्रहातला, डग्लस फरचा ओंडका आणि त्याला जुंपलेले बैल. शेजारी उभा माणूस पाहिलात तर घेराचा अंदाज येईल. हा येस्लरचाच आहे असं नाही, पण प्रकार हाच.

----

वखारीत_वाढलेली | शनिवार, रात्री ९:५०

दुसरा फोटो बाबांना दाखवला. त्यांना हल्ली कमी दिसतं, मोबाईल डोळ्याला लावूनच बघितला. ओंडक्याच्या टोकावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "लाकूड झकास आहे, पण याच्यावर हातोड्याचा शिक्का कुठाय?"